खैरीचा हेर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी हा किस्सा इतक्या लग्नांत आणि इतक्या बारशांत सांगितलाय की नातेवाईक मला बघितलं की आधी दाराची कडी तपासतात! आज माझ्याच तोंडून ऐका. निदान मी जरा कमी मूर्ख दिसेन.

तेव्हा मी बोडीटोल्याच्या शाळेवर मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, दोन मास्तरांपैकी ज्याच्याकडे किल्ल्या तो. आंधळगावहून सायकल काढायची, धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून कधी सायकलवर आपण, कधी आपल्यावर सायकल, असं करत पोचायचं. गाव तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, चिकटलेलं. अर्धी वस्ती धान पिकवणाऱ्यांची, अर्धी तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवरांची. वीज नव्हती. सत्तरीचं दशक संपत आलं तरी खांब काही पोचले नव्हते.

शाळेला खोल्या दोन. एक बरी. दुसरीत आम्ही लहान पोरं बसवायचो आणि वारा सुटला की बाहेर काढायचो. भिंतींना अशा भेगा, की हात घातला तर बाहेरून कोणी हातात हात देईल! मधली भिंत वर छपरापर्यंत पोचलीच नव्हती. त्यामुळे इकडची बाराखडी तिकडे इतिहासात शिरायची. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटताहेत आणि पलीकडून पंचवीस गळे ओरडताहेत, 'क का कि की!'

अशात वरून फर्मान आलं. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या चौथीची एकच परीक्षा. पेपर सगळ्यांना सारखा, बंद लिफाफ्यातून येणार. आणि ज्या शाळेची पोरं पहिली येतील, त्या शाळेला नवी खोली!

आता तुम्हीच सांगा, ज्या शाळेला धड खोली आहे, तिथलीच पोरं वर्षभर बसून शिकणार ना? म्हणजे नवी खोली कोणाला? जिला आधीच आहे तिला! आमची पोरं आभाळ भरून आलं की घरी. हे मी मीटिंगमध्ये उभं राहून बोललोसुद्धा. साहेब म्हणाले, "गुरुजी, पेपर सगळ्यांना सारखाच आहे ना? मग झालं तर!"

पहिल्या वर्षी खोली कोणाला गेली? खैरीला. खैरी म्हणजे तलावापलीकडचं गाव. शाळा चुना मारलेली, दारात शोभेची झाडं, आणि मुख्याध्यापक गभणे गुरुजी. टोपीला इस्त्री असलेला मी पाहिलेला एकमेव माणूस.

आणि आमचं काय झालं? पेपरात प्रश्न होता, 'दिवा लाल झाला तर तुम्ही काय कराल?' शहरातल्या चौकाचा प्रश्न हो! आमच्या पोरांनी एकजात लिहिलं, 'कंदिलाची काच पुसू.' सुकरू मेश्रामाच्या थोरल्या पोरीनं तर पुढं लिहिलं, 'वात कापू आणि रॉकेल आहे का पाहू.' काय चुकलं सांगा! पण शून्य. साऱ्यांना शून्य!

मग आंधळगावच्या बाजारात मला खैरीचं एक पोरगं भेटलं. मी सहज विचारलं, "काय रे, दिवा लाल झाला तं काय करशीन?"

"थांबीन," पोरगं म्हणालं.

"तू पाह्यला का असा दिवा?"

"नाही जी. गुरुजीनं सांगतलं, दिवा आला का 'थांबा' लिवायचं."

झालं! माझ्या डोक्यात जी ठिणगी पडली ती वर्षभर विझली नाही. गभणेला प्रश्न आधी कसा कळला? कोण फोडतं? टपालवाला? केंद्रातला शिपाई? मी सगळ्यांकडे तिरक्या नजरेनं पाहू लागलो. घरी बायकोनं चहात साखर जास्त टाकली तरी विचारायचो, "आज काहून इतका गोड? कोण आलतं?"

वर्गात मी एकच मंत्र चालू केला. "पोरंहो, यंदा डोकं चालवायचं नाही. प्रश्नात जे दिसंन तेच उत्तर लिवा. आन् शुद्धलेखनात जे कानावर पडंन ते जसंच्या तसं उतरवा. आपल्या मनानं कायी गाळायचं नाही, कायी घालायचं नाही!"

हे वाक्य मी रोज म्हणायचो. पोरंही माझ्यामागून म्हणायची. किती कौतुक वाटायचं मला तेव्हा!

परीक्षेचा दिवस उजाडला. मोहफुलांचे दिवस ते. पहाटेच पोरं टोपल्या घेऊन रानात पांगलेली. सुकरू मेश्राम आमच्या शाळा समितीत होता. माणूस ढिवर, आवाज असा की तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक द्यावी. त्यानं पाळीवर उभं राहून पोरांना हाका मारल्या, तेव्हा कुठं एकेक पोरगं धावत आलं.

नियम असा होता की आपल्या शाळेवर आपण पहारा करायचा नाही. शाळेतल्या माझ्या जोडीच्या बाई खैरीला गेल्या आणि खैरीचे नवे मास्तर, सेलोकर, लिफाफा घेऊन आमच्याकडे यायचे होते. खैरीचा माणूस आमच्या पोरांवर! माझं रक्त सकाळपासूनच उकळत होतं.

सेलोकर अजून यायचे होते, तेवढ्यात एक अनोळखी माणूस सायकलवरून आला.

काळी छत्री, खांद्याला पिशवी, डोळ्याला चष्मा. सायकल मोहाच्या झाडाला टेकवली आणि आला तो सरळ शाळेच्या मागच्या बाजूला गेला. ना रामराम, ना नमस्कार! मी खांबाआडून पाहतोय. गडी खिडकीतून आत डोकावला. मग वाकून भिंतीला डोळा लावला. मग सुकरूच्या धाकटीला, चौथीतल्या चंपाला विचारतो, "काय वं बाई, चवथी कोणत्या खोलीत बसते?"

मी सुकरूच्या कानाशी लागलो. "याले चवथीशी काय करायचं आहे?"

"पुसून पाहू का?" सुकरू म्हणाला.

"थांब. पाहू दे काय करते तं."

काय करावं त्यानं? खिशातून खडू काढला आणि आमच्या भिंतीवर लिहायला लागला! '१ अ'. दोन पावलं पुढं जाऊन '२ ड'. मग वर्गात शिरून '३ ब', '४ क'. साऱ्या भिंतींवर!

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? पेपरात 'योग्य पर्याय निवडा' असायचं. पहिल्याचं उत्तर अ, दुसऱ्याचं ड! हा माणूस आमच्या भिंतीवर उत्तरं लिहीत होता! कशाला? अहो, कशाला म्हणजे! थोड्या वेळानं सेलोकर येणार, भिंत पाहणार आणि बोंब मारणार की बोडीटोल्यात कॉपी चालू आहे. परीक्षा रद्द. खोली पुन्हा खैरीला. गभणेचं डोकं म्हणजे डोकं होतं, मान्य करावं लागेल!

तरी मी खात्री करून घेतली बरं का. पुढं होऊन गोड आवाजात विचारलं, "कोठून येणं केलं जी?"

"खैरीवरून," तो म्हणाला. "काल तठीच मुक्काम होता. गभणे गुरुजीच्या घरी. जेवण मोठं झकास झालं बाप्पा!"

अजून पुरावा पाहिजे?

मी म्हणालो, "आमची ही पल्याडची खोली नाही पाह्यली तुमी. या ना."

"तेच तं पाहायची आहे!" असं म्हणून तो आनंदानं आत शिरला. मी बाहेरून दार ओढलं. कडी लावायला गेलो तर कडी माझ्या हातातच निघून आली. मग काय! दाराला पाठ लावून तिथंच बसलो. सुकरूला सांगितलं, "फुलाबाईले बोलाव. शेणामाती घेऊन ये म्हणा. भिंतीवर एक अक्षर दिसता कामा नये!"

फुलाबाई म्हणजे सुकरूची बायको. हात असा चलाख की तिनं बघता बघता आतून बाहेरून सारी भिंत सारवून काढली. नुसती अक्षरं नाही, अक्षरांखालच्या भेगासुद्धा बुजवल्या. पंधरा वर्षांत शाळा इतकी देखणी दिसली नव्हती!

इकडे आतून दारावर थापा सुरू. "अरे, दार लागलं काय? उघडा!"

"बस आता आतच," मी म्हणालो. "खैरीचा हेर कोठचा!"

"हेर? अरे बाबा, मी ओव्हरसियर होय! पंचायत समितीचा! खोल्या पाहायले आलो!"

मी आणि सुकरू इतके हसलो म्हणता!

"ओव्हरसियर सायकलवर येते का बे?" सुकरू बाहेरून ओरडला. "तो येते तं आदल्या दिवशी निरोप येते! कोंबडं कापा लागते!"

"निरोप द्याचा नाही असा हुकूम आहे यंदा! तुमी लोकं आधीच लिपून-सारवून ठेवता म्हणून!"

"वा! काय पढवून धाडलं आहे गभणेनं!" मी म्हणालो आणि पाठ आणखी घट्ट लावली.

एवढ्यात सेलोकर मास्तर आले. लिफाफा मी उन्हात धरून पाहिला, लाखेचा वास घेतला, मगच परत दिला. त्यांनी विचारलं, "आत कोण आहे जी?"

"मोहाची घेतलेला आहे एक," मी म्हणालो. "सकाळी सकाळी चढली. पोरायले तरास नको म्हणून कोंडला."

सेलोकर भला माणूस. मान हलवून परीक्षेच्या खोलीत गेला. पेपर सुरू झाला. मी दारापाशी बसलेलोच. उन्हं चढली. आतल्या माणसानं आधी धमक्या दिल्या, मग लाथा घातल्या, मग विनवण्या केल्या. पाणी मागितलं तेव्हा सुकरूनं खिडकीच्या गजांतून तांब्या दिला. आम्ही काही राक्षस नव्हतो! पाणी पिऊन त्याच्या अंगात पुन्हा जोर आला आणि तो नव्यानं ओरडायला लागला.

नेमकी त्याच वेळी पलीकडे शुद्धलेखनाची वेळ झाली होती. सेलोकर एकेक वाक्य वाचत होते आणि पोरं मान खाली घालून लिहीत होती. मी बाहेर बसून समाधानानं ऐकत होतो. खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी, इतकी शांतता. फक्त तो एक आवाज सोडला तर.

पेपर संपला. सेलोकरांनी गठ्ठा बांधला, लाख लावली आणि बाहेर आले. जाता जाता म्हणाले, "पाहू तं खरं कोण आहे." खिडकीतून डोकावले आणि त्यांचा चेहरा आमच्या सारवलेल्या भिंतीसारखा झाला.

"साहेब! तुमी? काल तं आमच्या शाळेवर होते!"

"हाव," आतून घोगरा आवाज आला. "तुमच्याकडं जेवलो. अठी कोंडलो."

मी दारापासून उठलो. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. बसून बसून पायांत मुंग्या आल्या होत्या! सुकरूनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, कोंबडं कापू का आता?"

साहेब बाहेर आले. कपड्यांवर छपराच्या कवेलूंची धूळ, घशात आवाज नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"अठी माह्या खुणा होत्या," ते म्हणाले. "भेगांच्या. अ म्हणजे मोठी भेग, ब म्हणजे त्याहून बारीक. कोठी गेल्या?"

फुलाबाई बिचारी अभिमानानं म्हणाली, "मीच बुजवल्या जी!"

साहेब सायकलवर बसले आणि गेले. कोंबडं वाचलं.

मी मनाशी म्हटलं, जाऊ दे. माणूस रागावला, उतरेल राग. पोरांनी पेपर चांगला दिलाय, तो तरी कोण हिरावून घेणार?

काही आठवड्यांनी मोहाडीला पंचायत समितीत बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत शिरतो तर काय, कोपऱ्यात खुर्चीवर तेच ओव्हरसियर! मला पाहून त्यांनी खुर्ची दारापासून थोडी लांब सरकवली.

मोठे साहेब पुण्याकडचे. समोर आमच्या पोरांचे पेपर. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या शाळेत सामूहिक कॉपी झालीय. शुद्धलेखनात सगळ्या मुलांची चूक एकच. अक्षरशः एकच! हे वाचा."

मी चंपाचा पेपर हातात घेतला. सुंदर अक्षर. लिहिलं होतं,

'सकाळ झाली. दार उघडा. पक्षी किलबिल करू लागले. मी ओव्हरसियर होय. शेतकरी बैल घेऊन शेतात निघाला. अरे कोणी आहे का. आई चुलीवर भाकर करते. एकेकाले पाहून घेईन.'

साहेब म्हणाले, "बाकीच्यांचंही हेच. फक्त एका मुलानं 'पाहून घेईन'च्या पुढं उद्गारचिन्ह दिलंय."

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर पोरांवर चोरीचा शिक्का आणि निकाल रद्द. खरं सांगावं तर सरकारी माणूस कोंडल्याचा गुन्हा माझ्या तोंडून कबूल, तोही त्याच्यासमोर! मला चंपा आठवली. रानातून धावत आलेली, हाताला मोहाचा वास असलेली. पोरीनं मी सांगितलं तेच केलं होतं की हो!

मी घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. खडूच्या खुणांपासून तांब्याभर पाण्यापर्यंत. शेवटी हात जोडून म्हणालो, "साहेब, पोरांनी कॉपी केली नाही. जे कानावर पडलं ते लिहिलं. अन् पाहा ना, 'ओव्हरसियर' शब्द एकाचाही चुकला नाही!"

साहेब ओव्हरसियरकडे वळले. "तुम्ही असं ओरडला होता?"

ओव्हरसियर छताकडे पाहत म्हणाले, "हाव साहेब. शब्दन् शब्द बरोबर आहे."

साहेबांना हसू आवरेना! चष्मा काढून डोळे पुसले, लाल पेन्सिल उचलली आणि शुद्धलेखनाचे पुरे मार्क दिले. बेरीज केली, पुन्हा केली. "गुरुजी, अभिनंदन! तुमची शाळा केंद्रात पहिली!"

मला तर खुर्चीवर चढून नाचावंसं वाटलं. बोडीटोला पहिला! गभणेच्या टोपीची इस्त्री मोडली! मी म्हणालो, "म्हणजे साहेब, नवी खोली आमाले!"

"अर्थात. फक्त आधीची खोली पडायला आलीय, असा ओव्हरसियरांचा दाखला लागेल. यंदापासून तेवढी एकच अट आहे."

ओव्हरसियर सावकाश उठले. इतक्या सावकाश उठणाऱ्या माणसावर कधीही विश्वास ठेवू नका!

"साहेब," ते म्हणाले, "मी खोटं लिवणार नाही. बोडीटोल्याच्या भिंतीले एक भेग नाही. सुरेख सारवलेल्या आहेत. अन् दार? सारी सकाळ मी त्याले लाथा घातल्या, खांदे मारले, पाठ लावून रेटलं. हाललं नाही! असं मजबूत दार माह्या नोकरीत पाह्यलं नाही. त्या शाळेले खोलीची गरज नाही."

मी कळवळून उभा राहिलो. "नाही साहेब, नाही! दारात काही दम नाही! त्याची कडीसुद्धा हातात आलती! दार हाललं नाही, कारण बाहेरून मी पाठ लावून बसलो होतो!"

साहेबांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग फाईल मिटली.

"मग चिंताच मिटली, गुरुजी," ते म्हणाले. "तुमची बदली होईपर्यंत ती खोली पडत नाही!"

तर, खोली दुसऱ्या आलेल्या खैरीला गेली; त्या झकास जेवणावर तिथं भेगही सापडली असणार. बोडीटोल्याला मी राहिलो.